वाचकांचे प्रश्न : किरकोळ गुन्हा आणि त्याची लांबलेली शिक्षा

या महिन्यात कायद्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची निघाली. गुन्हा छोटा असेल तर कायद्याने त्याच्याशी कसे वागावे, हा तो विषय. एका पत्रात तक्रारदार बोलतो आहे, तर एकात आरोपीचा बाप. चौघांनाही यातून जावे लागलेले आहे, म्हणून उत्तरे थोडी सविस्तर देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांच्या मुलांमध्ये हाणामारी झाली आणि पोलिसांनी अकरा जणांवर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९४ खाली गुन्हा दाखल केला. आमचे वकील म्हणतात, गुन्हा कबूल करा, पाचशे-हजार दंड भरा आणि मोकळे व्हा. असे खरेच मोकळे होता येते का? (एक पालक, कराड)

उत्तर : दंड भरला की त्या दिवशी खटला संपतो, एवढे आपल्या वकिलांचे म्हणणे बरोबर आहे. पण हजार रुपये दंडाची पावती हीसुद्धा दोषसिद्धीचीच पावती असते. पुढे भरतीचा किंवा सरकारी नोकरीचा साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची पूर्वमाहिती देणारा अर्ज, भरताना न्यायालयाने कधी दोषी ठरवले आहे का, या रकान्यात आपल्या मुलाला ‘होय’ असेच लिहावे लागेल. शिवाय एकदा गुन्हा कबूल केला की दोषसिद्धीविरुद्ध अपील उरत नाही. शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच ते करता येते. त्यामुळे तारखेच्या दिवशी घाईघाईने मान डोलावण्यापूर्वी मुलगा त्या हाणामारीत खरोखर होता की नुसता बघ्यांच्या गर्दीत सापडला, हे घरी बसून त्याच्याकडून नीट ऐकून घ्या. तो नुसता बघ्या असेल तर खटला चालवा, कितीही कंटाळवाणे असले तरी.

सार्वजनिक ठिकाणी मारामारी करून शांतता भंग करण्याच्या या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक महिना कैद, एक हजार रुपये दंड किंवा दोन्ही, एवढी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येईल असा, असला तरी जामीनपात्र आहे. मात्र पक्षकारांना आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत तो नाही. त्यामुळे दोन्ही मंडळांनी आता एकमेकांना पेढे भरवले तरी तालुक्याच्या न्यायालयातला खटला त्याने मिटत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो आणि त्याचा खर्च दंडाच्या कितीतरी पट असतो.

मुलगा मारामारीत होताच, असे असेल तर आपल्याला उपयोगी पडेल असा कायदा १९५८ पासून अस्तित्वात आहे. त्याचे नाव अपराधी परिवीक्षा अधिनियम; परिवीक्षा म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडणे. त्याच्या कलम ३ प्रमाणे, पूर्वी कधी दोषी न ठरलेल्या व्यक्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा केला असेल तर न्यायालय तिला शिक्षा न देता समज देऊन सोडू शकते. कलम ४ प्रमाणे चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेऊन सोडता येते. आरोपी एकवीस वर्षांखालील असेल तर कलम ६ न्यायालयावरच बंधन घालते : त्याला तुरुंगात पाठवायचे असल्यास हे सौम्य मार्ग का योग्य नाहीत, याची कारणे लिहून ठेवावी लागतात. आणि कलम १२ सांगते की अशा रीतीने सुटलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता सोसावी लागणार नाही. तेव्हा गुन्हा कबूल करायचाच असेल तर तो दंडासाठी करू नका; या अधिनियमाचा लाभ मागणारा लेखी अर्ज त्याच वेळी न्यायालयापुढे ठेवा. आपल्या वकिलांना हे ठाऊक नसेल असे मी म्हणत नाही. पण सकाळच्या बोर्डावर, म्हणजे न्यायालयाच्या त्या दिवसाच्या यादीत, साठ-सत्तर प्रकरणे असतात, त्यात दंडाचा रस्ता सर्वांना जवळचा वाटतो. वकिलांना, सरकारी पक्षाला आणि खरे सांगायचे तर न्यायाधीशांनाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. कलम १२ मुळे दोषसिद्धी पुसली जाते, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. सरकारी नोकरीत असलेल्या माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केले आहे की परिवीक्षेवर सुटका झाली तरी गुन्हा घडल्याची नोंद राहते आणि खाते तिची दखल घेऊ शकते. दुसऱ्या बाजूने दिलासाही आहे. २०१६ साली त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटले की तरुण वयात घोषणा देण्यासारख्या क्षुल्लक प्रकरणाची माहिती उमेदवाराने दडवली असली तरी नोकरी देणारा आपल्या अधिकारात ती चूक पोटात घालू शकतो. ‘शकतो’ हा शब्द लक्षात ठेवा आणि माहिती मुळीच दडवू नका.

आता माझे मत. किरकोळ गुन्ह्याकडे कायद्याने काणाडोळा करावा, असे मला कधीच वाटले नाही. मिरवणुकीत कुणाच्या डोक्यात काठी बसू शकते आणि पोलिसांनी वेळीच मध्ये पडावे हेच योग्य. पण अशा गुन्ह्याला मिळणारे उत्तर लवकर यावे, लहान असावे आणि तिथेच संपावे. आपल्याकडे नेमके याच्या उलट होते. न्यायाधीश देतात ती शिक्षा क्षुल्लक असते आणि तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट हीच खरी शिक्षा ठरते.

वकिलीच्या सुरुवातीच्या काळात पाहिलेला एक माणूस मी विसरलेलो नाही. एस.टी. स्टँडबाहेर केळ्यांची हातगाडी लावल्याबद्दल, म्हणजे सार्वजनिक रस्त्यात अडथळा केल्याबद्दल, त्याच्यावर जुन्या भारतीय दंड संहितेचे (जिच्या जागी आता न्याय संहिता आली आहे) कलम २८३ लावलेले होते. शिक्षा फक्त दंड, तोही जास्तीत जास्त दोनशे रुपये. पट्टेवाल्याने नाव पुकारले तेव्हा तो चपला दाराबाहेर काढून आत आला आणि हात जोडून उभा राहिला. मधल्या दोन तारखा चुकल्याने त्याच्यावर वॉरंट निघाले होते आणि आदल्या रात्री पोलिसांनी त्याला घरातून उचलले होते. सातबारा किंवा पगाराची स्लिप असलेला जामीनदार त्याला आणता येण्यासारखा नव्हता. त्याने गुन्हा कबूल केला, दीडशे रुपये दंड झाला, न्यायालय उठेपर्यंत त्याला मागच्या बाकावर बसवून ठेवले आणि पाच वाजता तो गेला. आदल्या दिवशीची केळी गाडीवर काळी पडली असणार, हा विचार माझ्या मनात घरी पोहोचल्यावर आला.

या माणसाला न्यायालयात यावे लागण्याची मुळात गरजच नव्हती. फक्त दंडाच्या छोट्या गुन्ह्यांत न्यायदंडाधिकाऱ्याने समन्समध्येच दंडाची रक्कम लिहून पाठवावी आणि आरोपीने टपालाने किंवा कुणाच्या हाती कबुली व रक्कम धाडून प्रकरण संपवावे, अशी सोय जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २०६ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२९ मध्येही ती आहे आणि तिची मर्यादा आता पाच हजार रुपये दंडापर्यंत वाढवली आहे. इतक्या वर्षांत ही तरतूद वापरलेली मी फारच थोड्या वेळा पाहिली. कायद्यात नाही ते मागण्याआधी आहे ते वापरले जाते का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. एका मुलाने सुमारे साडेसहाशे रुपयांचा माल पिशवीत टाकला आणि तो कॅमेऱ्यात सापडला. पोलीस ठाण्यात सांगण्यात आले की नव्या कायद्यात पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र आहे आणि चोर सापडला तरी त्याला झाडू मारायला लावून सोडतील. हा चोरांना परवाना नाही का? (एक दुकानदार, मिरज)

उत्तर : आपल्याला सांगितले ते अर्धे खरे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याला जोडलेले परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारे वाक्य, असे : चोरलेल्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा द्यावी. अशी चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. पूर्वी चोरी पन्नास रुपयांची असो वा पन्नास हजारांची, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्रच होता. तेव्हा बदल मोठा आहे, हे मान्य.

पण आपल्या दुकानातल्या चोरीला हे परंतुक लागेलच असे नाही. राहण्यासाठी किंवा माल सांभाळून ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरी हा कलम ३०५ खालचा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पाच हजारांचे परंतुक त्या कलमाला जोडलेले नाही. नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास कलम ३०६ लागते, तिथेही सात वर्षेच. यातून निघणारा अर्थ आपणच पाहा. बसस्टॉपवर एखाद्याच्या पिशवीतून चार हजार नऊशे रुपये काढणारा पहिल्या वेळी सामुदायिक सेवेवर सुटू शकतो, आणि ज्या घरात भांडी घासते तिथल्या फळीवरची पाचशेची नोट उचलणारी बाई सात वर्षांच्या कलमात बसते. कायदा करणाऱ्यांनी सौम्यपणा दाखवला, पण तो एकाच खोलीत ठेवून बाकीच्या खोल्यांना कुलूप लावून घेतले. तिला वाचवायला पुन्हा १९५८ चा तो जुना परिवीक्षा अधिनियमच धावून येतो, कारण त्याच्या कलम ३ मध्ये घरातली आणि नोकराने केलेली चोरीही समाविष्ट आहे.

रकमेच्या रेषेबद्दल माझी तक्रार आपल्यापेक्षा वेगळी आहे. साडेसहाशेचा माल गेल्याने आपला संताप होतो, पण दुकान चालू राहते. साडेचार हजारांचा जुना मोबाइल गेला की एखाद्या घरकामगार बाईची कामाची साखळीच तुटते, कारण चारही घरांचे नंबर त्यात असतात आणि पैशांचा व्यवहारही त्यातूनच होतो. तिची तक्रार अदखलपात्र म्हणून एका वहीत नोंदली जाते. किरकोळ कशाला म्हणावे, हे मालाच्या बाजारभावावर ठरवले की ज्याच्याकडे मुळात थोडे आहे त्याचे नुकसान नेहमीच किरकोळ ठरणार. न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागता येतो, हे खरे आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये ती सोय आहे. पण दिवसाचा रोज बुडवून तो अर्ज कोण करणार? चोरट्याला सौम्य शिक्षा द्यायची म्हणून तपासही सौम्य करायचा, ही सांगड मला पटत नाही. तपास पूर्ण व्हावा, मोबाइल शोधला जावा, आणि शिक्षेच्या वेळी हात आखडता घ्यावा.

राहिला झाडूचा प्रश्न. सामुदायिक सेवा ही शिक्षा आपल्या कायद्यात यावी, असा प्रयत्न दंड संहितेच्या १९७८ च्या दुरुस्ती विधेयकातही झाला होता. पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि ते विधेयक तिथेच राहिले. आता ती आली, पण सहाच गुन्ह्यांसाठी. त्यांत छोटी चोरी आहे, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन आहे आणि अब्रुनुकसानीही आहे. समाजाला उपयोगी पडणारे आणि ज्याचा मोबदला मिळत नाही असे काम, एवढीच तिची व्याख्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३ मध्ये सापडते. किती तास, कोणते काम, हजेरी कोणी घ्यायची, माणूस आलाच नाही तर काय, यांपैकी काहीही त्या व्याख्येत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेल्यावर बाल न्याय मंडळाने घातलेली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सर्वांच्या तोंडी झाली आणि तेव्हापासून तुरुंगाव्यतिरिक्त कोणतीही शिक्षा म्हटली की लोक हसतात. ती घटना किरकोळ गुन्ह्याची नव्हतीच. पण गुन्ह्याच्या मापाला न शोभणारी शिक्षा दिली की तिच्या शेजारची योग्य शिक्षाही कशी बदनाम होते, हे त्यातून दिसले.

झाडूच का, असा प्रश्न मला पडतो. रस्ता झाडणे ही शिक्षा ठरवली की जी माणसे रोज पहाटे पाच वाजता तोच रस्ता झाडतात त्यांना आपण काय सांगतो? ज्या देशात हे काम पिढ्यान्‌पिढ्या जातीने वाटले गेले, तिथे न्यायालयाच्या आदेशात झाडू येणे मला मनापासून खटकते. आपल्या दुकानातून माल उचलणाऱ्या मुलाने आठ रविवार ग्रामीण रुग्णालयात केस पेपरच्या रांगेत म्हाताऱ्यांना अर्ज भरून द्यावेत किंवा सार्वजनिक वाचनालयात फाटलेली पुस्तके चिकटवावीत. त्याच्या गळ्यात पाटी नको आणि त्याचा फोटो कुणाच्या मोबाइलवर नको. आपले साडेसहाशे रुपये मात्र त्याने पहिल्या दिवशी परत करावेत. ज्याच्याकडे परत करायला पैसेच नाहीत त्याला परंतुकाचा लाभ कसा द्यायचा, हा प्रश्न संहितेने उघडाच ठेवला आहे आणि तो तिचा सर्वांत कच्चा दुवा आहे. पैशांऐवजी कामाचे तास वाढवण्याची मुभा दिली असती तर तो सुटला असता.

दुकानाबाबत सांगायचे तर कॅमेऱ्यातील चित्रण जपून ठेवा, लेखी तक्रारीत चोरी दुकानाच्या आत झाली हे स्पष्ट लिहा आणि पोचपावती मागा. मुलगा अठरा वर्षांखालील असेल तर हे सर्व बाजूला राहून प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जाईल. आणि त्याला दुकानात बसवून चार फटके देऊ नका. तसे केल्यास आरोपीच्या पिंजऱ्यात आपण उभे राहाल.

प्रश्न : वरच्या मजल्यावरचे शेजारी रोज कुंड्यांना पाणी घालतात आणि ते आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते. वाद झाला तेव्हा त्यांनी हातातले वर्तमानपत्र माझ्यावर भिरकावले. पोलीस फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतात. मी खटला भरू शकते का? (निवृत्त शिक्षिका, डोंबिवली)

उत्तर : भरू शकता, पण भरू नका असे सुचवतो. न्याय संहितेचे कलम ३३, म्हणजे पूर्वीचे कलम ९५, सांगते की सामान्य समजुतीचा आणि स्वभावाचा माणूस ज्याबद्दल तक्रार करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हा होत नाही. आपल्या प्रसंगाशी विलक्षण साम्य असलेले एक प्रकरण मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. घरमालक आणि भाडेकरू यांच्या बाचाबाचीत भिरकावलेली कागदांची फाइल एकाच्या कोपराला लागून ओरखडा उठला होता. १९६६ साली न्यायालयाने ही हानी क्षुल्लक ठरवली. मात्र त्याच निकालात म्हटले आहे की क्षुल्लकपणा नुसत्या जखमेवरून ठरत नाही. दोघांचे परस्परसंबंध, करणाऱ्याचा हेतू आणि आजूबाजूची परिस्थितीही पाहावी लागते. उद्या तेच वर्तमानपत्र जातिवाचक शिवीसह भिरकावले गेले किंवा एकट्या राहणाऱ्या बाईला धमकावण्यासाठी रोज भिरकावले जाऊ लागले, तर ते क्षुल्लक राहणार नाही. एनसीची प्रत जपून ठेवायची ती त्यासाठी. पाण्याचा प्रश्न सोसायटीच्या सभेत न्या. कुंड्यांखाली ताटल्या ठेवायला लावणारा ठराव कोणत्याही निकालापेक्षा लवकर मिळेल.

प्रश्न : दारू पिऊन रस्त्यावर धिंगाणा घालणाऱ्यांना पूर्वी दहा रुपये दंड होता असे वाचले. असले गुन्हे थांबवायचे तर सरळ पन्नास हजार दंड का ठेवत नाहीत? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : दहा रुपयेच होता. १८६० मध्ये ठरलेली ती रक्कम कलम ५१० मध्ये थेट २०२४ पर्यंत तशीच राहिली. आता कलम ३५५ मध्ये ती एक हजार आहे, आणि त्याऐवजी चोवीस तासांची साधी कैद किंवा सामुदायिक सेवाही देता येते. दीडशे वर्षांहून अधिक काळ रक्कम न बदलणे हा हास्यास्पद आळस होता. पण आपण सुचवता ती उडी उलट्या बाजूला नेणारी आहे. कळंगुटच्या किनाऱ्यावर भाड्याच्या जीपमधून आलेल्या पाहुण्याला पन्नास हजार हा सुट्टीच्या खर्चातला एक आकडा असतो. बांधकामावरच्या मजुराला तो भरता येत नाही, आणि न भरलेल्या दंडाचे रूपांतर कैदेत होते : न्याय संहितेच्या कलम ८ प्रमाणे केवळ दंडाच्या गुन्ह्यात पाच हजारांपर्यंतचा दंड थकल्यास दोन महिन्यांपर्यंत, दहा हजारांपर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत. म्हणजे कागदावर दोघांना सारखा दंड, आणि तुरुंगात मात्र एकच. आपल्या तुरुंगांतील सुमारे तीन-चतुर्थांश माणसे अजून खटला संपण्याची वाट पाहणारी कच्चे कैदी आहेत. त्यांत दंड न परवडलेल्यांची भर घालण्यात मला शहाणपण दिसत नाही. फिनलंडने १९२१ पासून दंड रोजच्या उत्पन्नाच्या मापाने आकारण्याची पद्धत ठेवली आहे. आपल्याकडे बहुतेकांच्या उत्पन्नाची नोंदच नसल्याने ती जशीच्या तशी आणता येणार नाही, पण न्यायाधीशाने दंड ठरवण्याआधी ‘दिवसाला किती मिळतात?’ एवढे विचारायला नवा कायदा लागत नाही.

आपल्या ओळखीत कुणाला दंड झाला असेल आणि रक्कम जवळ नसेल, तर हेही कळवा. फक्त दंडाची शिक्षा असेल आणि तो न भरल्यास कैद सांगितली असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ खाली तीस दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मागता येतात. न्यायालय बंधपत्र लिहून घेते. हा अर्ज निकाल सांगितल्याबरोबर, माणसाला कोठडीकडे नेण्यापूर्वी करावा. वकील नसेल तर त्याच आवारातील तालुका विधी सेवा समितीच्या कार्यालयात तो लिहून मिळू शकतो.